बेथेस्डाची कंत्राटं

१९६७ च्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये बावन्न वर्षांच्या एका अंध बाईंवर शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारद होते वॉल्पोल लेविन आणि कल्पना होती जाइल्स ब्रिंडली या शरीरक्रियाशास्त्रज्ञाची. बाईंच्या मेंदूच्या मागच्या भागावर, जिथे डोळ्यांकडून आलेले संदेश पोचतात तिथे, प्लॅटिनमचे ८० इलेक्ट्रोड बसवण्यात आले. प्रत्येक इलेक्ट्रोडला स्वतंत्र तार, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला डोक्याच्या कातडीखाली दडवलेला इवलासा रेडिओ-रिसीव्हर. बाहेरून कातडीवर कॉइल टेकवून त्यातला एखादा रिसीव्हर जागा केला, की बाईंना ठरावीक जागी पांढऱ्या प्रकाशाचा ठिपका दिसायचा. दुसरा रिसीव्हर जागा केला की दुसरीकडे ठिपका. त्यांचे डोळे तो प्रकाश पाहत नव्हते, तो थेट मेंदूत उमटत होता.

८० पैकी साधारण निम्मेच इलेक्ट्रोड कामाचे निघाले. बाईंनी डोळे फिरवले की ठिपकेही त्यांच्याबरोबर सरकायचे, त्यामुळे जग स्थिर दिसण्याची शक्यताच नव्हती. वाचणं, रस्ता ओलांडणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं यातलं काहीही त्यांना साधलं नाही. आपल्याला दृष्टी मिळणार नाही हे ठाऊक असताना या बाई टेबलाशी बसून एकेका ठिपक्याची जागा सांगत राहिल्या. पुढच्या पन्नास वर्षांच्या या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आदर अशा माणसांबद्दल वाटतो.

ब्रिंडलींचा निबंध १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने त्यांच्या हाताखाली या कामासाठी वेगळा विभाग उघडला. अटलांटिकच्या पलीकडे वॉशिंग्टनला लागून असलेल्या बेथेस्डा या गावात तो निबंध बारकाईने वाचला गेला. अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधनाचं मुख्य केंद्र, नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ म्हणजेच एनआयएच, तिथे आहे. तिथल्या चेतासंस्थेच्या संशोधन संस्थेत कार्ल फ्रँक एक प्रयोगशाळा चालवत होते. मेंदूशी विजेच्या भाषेत बोलता येतं हे ब्रिंडलींनी दाखवलं होतं. ते बोलणं रोजच्या उपयोगाला कसं आणायचं, हा फ्रँक यांचा प्रश्न होता. त्यातून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूरल प्रोस्थेसिस प्रोग्रॅम उभा राहिला. डॉक्टर आणि अभियंता अशी दुहेरी तयारी असलेले टेरी हॅम्ब्रेक्ट पुढे जवळजवळ तीन दशकं तो सांभाळत राहिले.

या कार्यक्रमाचं वेगळेपण त्याच्या पैसे देण्याच्या पद्धतीत होतं. एरवी संशोधनाला अनुदान मिळतं: शास्त्रज्ञ आपल्याला सुचलेला प्रश्न मांडतो, तो पटला तर सरकार पैसे देतं, आणि मग चारपाच वर्षं त्याचा तो मोकळा असतो. हॅम्ब्रेक्ट यांनी कंत्राटं दिली. आम्हाला मेंदूत वर्षानुवर्षं टिकणारा इलेक्ट्रोड हवा आहे. किती वीज सोडली तर पेशी मरत नाहीत याचा मोजून आकडा हवा आहे. कातडीखाली राहून खाऱ्या ओलाव्यात न कुजणारं वेष्टन हवं आहे. कोण करून देतो, बोला. आणि कंत्राट घेणाऱ्याने दर तीन महिन्यांनी लेखी अहवाल द्यायचा. काय जमलं ते त्यात लिहायचं आणि काय बिघडलं तेही. अहवाल सगळ्यांसाठी खुले असायचे. शिवाय वर्षातून एकदा सगळे कंत्राटदार एकत्र जमून एकमेकांचं काम तपासत.

या कामात दिपवून टाकणारं काही नव्हतं. एकच उदाहरण देतो. धातूच्या तारेतून शरीरात एकाच दिशेने वीज वाहू दिली तर तारेच्या टोकाशी रासायनिक क्रिया सुरू होते, धातू झिजतो आणि भोवतालच्या पेशी जळतात. म्हणून आधी एका दिशेने आणि लगेच उलट दिशेने तेवढाच विद्युतभार सोडावा लागतो, म्हणजे हिशेब शून्यावर येतो. पण हिशेब शून्यावर आला तरी किती भार, किती वेळा, किती मोठ्या टोकातून सुरक्षित ठरतो? कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना इथल्या हंटिंग्टन संस्थेत डग्लस मॅक्रीरी आणि विल्यम अॅग्न्यू यांनी प्राण्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून या मर्यादा आखल्या. आज कुठल्याही कंपनीचा अभियंता मेंदूत वीज सोडणारं उपकरण आखायला बसतो तेव्हा तो याच कामाच्या आधाराने चालतो. या कामावर कधी वर्तमानपत्राचा मथळा झाला नाही.

मथळे झाले ते कानाचे.

अंतर्कर्णात कॉक्लिया नावाची वेटोळी नळी असते. तिच्यातल्या केसांसारख्या सूक्ष्म पेशी आवाजाच्या कंपनांचे विजेचे संदेश करतात आणि साधारण तीस हजार तंतूंची श्रवणचेता ते मेंदूकडे नेते. बहुतेक बहिऱ्या माणसांच्या या पेशी मेलेल्या असतात, चेता मात्र बऱ्याच अंशी शाबूत असते. मग पेशींना वगळून चेतेलाच वीज का देऊ नये? पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरियेस यांनी १९५७ साली हा प्रयोग केला होता. लॉस एंजलिसचे कानाचे सर्जन विल्यम हाउस यांनी १९६१ मध्ये पहिली रोपणं केली आणि पुढे एका तारेचं उपकरण रुग्णांना बसवायला सुरुवात केली. श्रवणशास्त्रातल्या बड्या मंडळींनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. तीस हजार तंतूंचं काम एक तार काय करणार, आणि हे रुग्णांना खोटी आशा दाखवणं नव्हे काय, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप घेणारे मूर्ख नव्हते. आवाजाच्या वेगवेगळ्या पट्ट्या कॉक्लियात वेगवेगळ्या जागी उमटतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

या भांडणात एनआयएचने केलेली गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी कुठल्याही पक्षाची बाजू घेतली नाही. पिट्सबर्गच्या रॉबर्ट बिल्जर यांना पैसे दिले आणि सांगितलं की रोपण झालेल्या माणसांना बोलवा आणि तपासा. १३ जण आले. त्यांची बसवून, चालवून, ऐकवून, बोलायला लावून कसून तपासणी झाली. १९७७ मध्ये अहवाल आला. नुसतं ऐकून बोलणं समजत नाही, ही टीकाकारांची बाजू खरी ठरली. पण ओठ वाचणं सोपं होतं, स्वतःचा आवाज आटोक्यात येतो, दारावरची थाप, गाडीचा भोंगा कळतो, हेही तितकंच खरं निघालं. त्या अहवालानंतर हे भोंदूपणाचं काम आहे असं म्हणण्याची सोय उरली नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल मर्झेनिक आणि त्यांचे सहकारी, मेलबर्नला ग्रॅम क्लार्क, व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर अनेक तारांच्या उपकरणावर काम करतच होते. १९८४ मध्ये हाउस यांच्या उपकरणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, मान्यता दिली.

तारा वाढल्या तरी बोलणं नीट कळेना. अडचण अशी की सगळ्या तारांतून एकाच वेळी वीज सोडली की तिचे प्रवाह अंतर्कर्णातल्या द्रवात एकमेकांत मिसळतात. आठ तारा असूनही चेतेपर्यंत पोचतो तो एकच गलका. हे कोडं नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये ब्लेक विल्सन यांनी सोडवलं. १९८३ पासून त्यांच्याकडे एनआयएचचं कंत्राट होतं, विषय एकच: बोलण्याच्या आवाजाचं विजेत रूपांतर कसं करावं. विल्सन यांनी आवाज पट्ट्यांमध्ये वेगळा केला, प्रत्येक पट्टीचा फक्त चढउतार घेतला आणि तो विजेच्या अतिशय छोट्या ठोक्यांत बदलला. मग नियम केला की कुठल्याही क्षणी एकाच तारेत ठोका असेल; पहिलीचा संपला की दुसरीचा, मग तिसरीचा, आणि हे चक्र सेकंदाला शेकडो वेळा फिरेल. दोन प्रवाह कधी एकत्र येतच नाहीत, मग मिसळणार कुठून?

ज्या सात जणांवर ही रीत पहिल्यांदा पारखली गेली त्यांच्या कानामागे कातडीतून बाहेर आलेला एक प्लग होता. जुन्या पद्धतीच्या त्या उपकरणाचा हा दोष मानला जाई, कारण जंतुसंसर्गाची भीती असे. पण त्या प्लगमुळेच प्रयोगशाळेतला संगणक थेट चेतेशी जोडता आला आणि सकाळी सुचलेली सुधारणा दुपारी त्याच माणसाच्या कानात घालून बघता आली. सातही जणांना बोलणं पूर्वीपेक्षा चांगलं कळू लागलं, आणि तेही महिनोन्महिन्यांच्या सरावाशिवाय. १९९१ मध्ये ‘नेचर’ने तो निबंध छापला. विल्सन आणि त्यांच्या संस्थेने या रीतीचं पेटंट घेतलं नाही. सरकारी पैशातून निघालेलं ज्ञान म्हणून ती सर्वांना खुली ठेवली. एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी काही वर्षांत तीच रीत किंवा तिच्यावरून बेतलेली रीत आपापल्या उपकरणांत घातली. डिसेंबर २०१९ पर्यंत जगात सात लाखांहून अधिक कॉक्लिअर इम्प्लांट बसवले गेले होते. २०१३ चा लास्कर पुरस्कार क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना विभागून मिळाला.

याचा एक धागा मुंबईत वांद्र्यापर्यंत येतो. अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वांद्रे रेक्लमेशनला बहिऱ्या मुलांसाठी काम करते आहे. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेत २०१४ च्या सुमारास कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला तेव्हा देशभरासाठी ही संस्था समन्वयक नेमली गेली. गरीब घरातल्या मुलामागे तेव्हा सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद होती. शेतमजुराच्या घरात जन्मलेल्या मुलीला वयाच्या तिसऱ्या वर्षी आईची हाक ऐकू येते, त्यामागे भारतीय करदात्याचा पैसा आहेच, पण कधीकाळी नॉर्थ कॅरोलिनात खर्च झालेला अमेरिकी करदात्याचा पैसाही आहे. वॉरंटी संपल्यावर केबल, बॅटऱ्या आणि प्रोसेसर बदलण्याचा भार मात्र बहुतेक वेळा घरच्यांवर येतो, आणि तो या घरांना पेलत नाही. हा मुद्दा पुढे वेगळ्या रूपात पुन्हा येणार आहे.

कान, डोळे यांत मेंदूला संदेश द्यायचा असतो. मेंदूकडून संदेश घेणं ही दुसरी बाजू. सिएटलमध्ये एबरहार्ड फेट्झ यांनी १९६९ साली माकडाच्या मेंदूतल्या एकेका पेशीची हालचाल मोजली आणि ती माकडाला काट्याच्या मीटरवर दाखवली. पेशी जास्त वेगाने चालली की काटा सरकायचा आणि माकडाला केळ्याच्या चवीची गोळी मिळायची. माकडं काही मिनिटांत आपली ती एक पेशी हवी तेव्हा चालवायला शिकली. पुढच्याच वर्षी बेथेस्डातल्या प्रयोगशाळेतून डोनाल्ड हंफ्री, एडवर्ड श्मिट आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही पेशींच्या नोंदींवरून हाताच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो हे दाखवलं. १९८० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अपोस्टोलॉस जॉर्जोपौलोस यांनी सिद्ध केलं की प्रत्येक पेशीला एक आवडती दिशा असते, आणि अनेक पेशींचा कौल एकत्र केला की हात कुठे निघाला आहे ते कळतं.

अनेक पेशींचा कौल घ्यायचा तर अनेक टोकांचा इलेक्ट्रोड हवा. तो यूटा विद्यापीठात रिचर्ड नॉर्मन यांनी घडवला. सिलिकॉनची चार मिलिमीटर लांबरुंद चकती, तिच्यावर दहाच्या दहा ओळींत शंभर सुया, प्रत्येक सुई दीड मिलिमीटरची. नॉर्मन यांचं मूळ लक्ष्य अंधांची दृष्टी हे होतं. ब्रिंडलींचे इलेक्ट्रोड मेंदूच्या पृष्ठभागावर होते, याच्या सुया आत शिरणार होत्या. प्रत्यक्षात ही चकती गाजली ती पांगळ्या माणसांच्या मेंदूत.

२००४ च्या जूनमध्ये मॅथ्यू नेगल या तरुणाच्या मेंदूत ती बसवली गेली. २००१ मध्ये झालेल्या चाकूहल्ल्यात त्याच्या मानेतला मज्जारज्जू तुटला होता आणि मानेखालचं शरीर निश्चल झालं होतं. ब्राउन विद्यापीठाच्या जॉन डोनाह्यू यांच्या चमूबरोबर काम करताना नेगलने नुसत्या विचाराने संगणकाच्या पडद्यावरचा बाण हलवला, टीव्हीचा चॅनेल बदलला, कृत्रिम हाताची मूठ उघडली आणि मिटली. २००६ च्या जुलैमध्ये ‘नेचर’च्या मुखपृष्ठावरून ही बातमी जगभर गेली. पुढच्याच वर्षी नेगल वारला. या कामासाठी डोनाह्यू आणि सहकाऱ्यांनी सायबरकायनेटिक्स नावाची कंपनी काढली होती. २००८ च्या आर्थिक मंदीनंतर तिचे पैसे आटले आणि तिने हे काम सोडलं.

मेंदूत सुया घेऊन प्रयोगात उतरलेल्या स्वयंसेवकांची जबाबदारी मग कोणी घेतली? मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, ब्राउन विद्यापीठ आणि माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांनी. पैसा पुन्हा प्रामुख्याने सार्वजनिक तिजोरीतून आला. त्या स्वयंसेवकांत कॅथी हचिन्सन होत्या. मेंदूच्या देठाशी झालेल्या आघातामुळे त्यांना जवळजवळ १५ वर्षं हातपाय हलवता येत नव्हते आणि बोलताही येत नव्हतं. त्यांच्या मेंदूतली चकती पाच वर्षांहून जुनी झाली होती. २०११ च्या एप्रिलमध्ये एका दिवशी त्यांच्यासमोर यांत्रिक हात आणि कॉफीची बाटली ठेवण्यात आली. हचिन्सन यांनी मनात हात पुढे नेला. यांत्रिक हात पुढे गेला, बाटलीभोवती मिटला, बाटली त्यांच्या तोंडाशी आली, नळीतून त्यांनी घोट घेतला आणि बाटली परत टेबलावर ठेवली. सहा प्रयत्नांपैकी चार यशस्वी झाले. त्या प्रसंगाची चित्रफीत उपलब्ध आहे. बाटली खाली ठेवल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेलं हसू प्रत्येकाने पाहावं.

२ एप्रिल २०१३ रोजी व्हाइट हाउसमध्ये बराक ओबामांनी ‘ब्रेन इनिशिएटिव्ह’ जाहीर केला. पहिल्या वर्षासाठी सुमारे दहा कोटी डॉलर, मेंदूतल्या पेशींच्या जाळ्याची नोंद घेणारी नवी साधनं हे उद्दिष्ट. २०१६ च्या एका कायद्याने त्याला दहा वर्षांत मिळून सुमारे १५१ कोटी डॉलर राखून दिले. दोन्ही पक्षांच्या मतांनी तो कायदा संमत झाला होता.

त्याच २०१३ मध्ये ‘आर्गस टू’ नावाच्या कृत्रिम डोळ्याला एफडीएची मान्यता मिळाली. सरकारी पैशावर वाढलेल्या संशोधनातून निघालेलं हे उपकरण सेकंड साइट नावाची कंपनी बनवायची आणि अमेरिकेत त्याची किंमत दीड लाख डॉलरच्या घरात होती. जगभरात साडेतीनशेहून अधिक अंधांच्या डोळ्यांत ते बसवलं गेलं. धंदा जमेना म्हणून कंपनीने २०१९ मध्ये त्याचं उत्पादन थांबवलं आणि २०२० मध्ये ती दिवाळखोरीच्या काठावर आली. ज्यांची उपकरणं बिघडली त्यांना दुरुस्ती नाही, सुटे भाग नाहीत. दिसणारा तेवढा अंधूक प्रकाशही गेला आणि डोळ्यात निकामी इलेक्ट्रोड राहिले. वांद्र्यातल्या त्या प्रोसेसरची गोष्ट हीच आहे. शरीरात बसवलेली वस्तू विकून हात झटकता येत नाहीत. उपकरण ज्या सार्वजनिक पैशातून जन्मलं, त्याची आयुष्यभराची देखभाल कोणी करायची हे मंजुरीच्या वेळीच कायद्याने ठरवायला हवं होतं. अमेरिकेने ते केलं नाही, आणि आपणही केलेलं नाही.

२०१६ मध्ये न्यूरालिंक ही कंपनी स्थापन झाली आणि मेंदूचं तंत्रज्ञान म्हटलं की तेच एक नाव लोकांच्या तोंडी बसलं. २०२४ च्या जानेवारीत त्यांनी पहिल्या रुग्णाच्या मेंदूत उपकरण बसवलं. त्यांचं काम खरं आहे, ते कमी लेखायचं कारण नाही. पण त्यांच्या यंत्राची मेंदूत धागे शिवण्याची कल्पना सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आधीपासून आकार घेत होती. पेशींचा कौल कसा वाचावा हे जॉर्जोपौलोस यांनी शिकवलं होतं आणि माणूस तो कौल कसा देतो हे नेगलने.

गेल्या काही वर्षांतलं माझ्या मते सगळ्यात हेलावून टाकणारं काम सरकारी विद्यापीठातच झालं. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२३ च्या जुलैमध्ये स्नायू झिजवणाऱ्या ए.एल.एस. या आजाराच्या एका पंचेचाळीस वर्षांच्या माणसाच्या मेंदूत, बोलण्याच्या भागात, नॉर्मन यांच्या चकतीच्या घराण्यातल्याच चार चकत्या बसवल्या गेल्या. एकूण २५६ इलेक्ट्रोड. त्याचं बोलणं समजणं फार अवघड झालं होतं. वापराच्या पहिल्याच दिवशी अर्ध्या तासाच्या सरावानंतर पन्नास शब्दांच्या यादीतून तो बोलायचा प्रयत्न करी ते शब्द पडद्यावर जवळपास बिनचूक उमटू लागले. पुढे सव्वा लाख शब्दांतून अचूकता ९७ टक्क्यांवर गेली. संगणक ते शब्द वाचून दाखवायचा तो आवाजही त्याच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांवरून घडवलेला होता. आजारापूर्वीच्या आपल्या आवाजात तो लेकीशी बोलू लागला.

अमेरिकेच्या काँग्रेसने ब्रेन इनिशिएटिव्हसाठी २०२३ च्या आर्थिक वर्षात ६८ कोटी डॉलर दिले होते. २०२४ मध्ये ही रक्कम ४०.२ कोटींवर आणि २०२५ मध्ये ३२.१ कोटींवर आली. २०१६ च्या कायद्याने राखून दिलेला निधी २०२६ च्या आर्थिक वर्षाबरोबर संपतो.